फोनच्या पेटीपाशी तम्मण्णा

बेळगावच्या वडगावात आमच्या मालकांचं पॉवरलूमचं शेड आहे. अडतीस माग, सगळे साड्यांचे. मी तिथं ऑफिसात क्लार्क, पूर्णिमा. माझं राहू दे. मला तम्मण्णाविषयी सांगायचंय. सांगता सांगता मला माझाच राग येणार आहे, तो येऊ दे.

माग चालू असले की शेडात शेजारच्याची हाक शेजारच्याला ऐकू येत नाही. ओरडून घसा बसतो, दुसरं काय होत नाही. म्हणून बावीस वर्षं आत निरोप पोचवायचं काम एकट्या तम्मण्णाचं. मुळात तो शहापूरचा विणकर. डावा कान गेला तेव्हा मालकांनी त्याला मागावरून काढून वरकामाला घेतलं. पण निरोप द्यायची त्याची रीत बघायला पाहिजे होती तुम्ही! मागून जाऊन कधी कुणाच्या खांद्याला हात लावणार नाही, कारण दचकलं की माणसाचा हात मागात जातो. समोर जाऊन उभा राहायचा, वर बघेपर्यंत थांबायचा. वीज जाणार, डिझाइन बदललं, असलं काही असलं तर बोटांनी आणि ओठांनी तिथंच सांगून मोकळा. कुणाच्या लेकीला बाळ झालं तर वय विसरून दोन मागांच्या मध्ये नाचायचा, शपथ! वाईट बातमी असली की मात्र आधी माग बंद करायला लावायचा, माणसाला बाहेर नळापाशी न्यायचा, पाणी पाजायचा आणि मगच तोंड उघडायचा. सांगणाऱ्यानं जे सांगितलं तेच, त्याच्याच शब्दांत. कानडी निरोप कानडीत, मराठी मराठीत. रडत सांगितलं असेल तर ‘रडत सांगितलंय’ हेही सांगायचा.

दोन वर्षांमागं फोन बघता बघता एका विणकराचं बोट तुटलं. त्यावर मालकांनी शेडाच्या दारात लाकडी पेटी ठेवली. आत शिरताना फोन पेटीत टाकायचा, जेवणाच्या सुट्टीत काढायचा. बरोबरच होतं ते. मग यंदा मालकांचा मुलगा ओमकार पुण्याला शिकून परत आला. म्हणाला, ‘‘सगळे निरोप एकाच जागी पाहिजेत. नोंद राहते. मला कुणी सांगितलंच नाही, असं कुणाला म्हणता येत नाही. आणि हे तम्मण्णा आत फिरतात, तेवढ्या वेळा माग थांबतात.’’ त्यानं मला व्हॉट्सॲपचा ग्रुप काढायला लावला. मी काढला. सगळ्यांचे नंबर मीच घातले, मोठ्या हौसेनं. पेटीचा नियम एका साली, ग्रुपचा दुसऱ्या साली, दोन्ही एकाच घरातून आलेले. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघायचं ना ओमकारला सुचलं ना मला. आणि मी म्हणे बी.कॉम.!

खोटं कशाला बोलू, तीन महिने चाललं सगळं झकास. सुट्ट्या, विजेच्या वेळा, असलेच निरोप. दुपारी एकला भोंगा झाला, पेटी उघडली, की लोक वाचायचे. तम्मण्णाला पेटीशेजारी स्टूल दिलं. आत जायचं नाही, फक्त फोन सांभाळायचे. येताजाता कुणी विचारलं, ‘‘तम्मण्णा, काय निरोप?’’ तर तो म्हणायचा, ‘‘मला काय इचारतासा? पेटीला इचारा.’’ लोक हसायचे. मीही हसले होते.

अकराव्या मागावर नागुबाई. आईबाप गेले तेव्हा तिचा भाऊ किशन चार वर्षांचा होता. तिनं त्याला वाढवलं, त्याच्यापायी स्वतःचं लग्न केलं नाही. या किशनला बेळगावातच दवाखान्यात ठेवलेलं. हृदयाचं ऑपरेशन बुधवारी. नागुबाईनं बुधवारपासून आठ दिवसांची रजा घेतलेली, म्हणून मंगळवारी सकाळी त्याला चहा पाजून ती कामावर आली.

त्याच मंगळवारी अकराच्या सुमाराला ऑफिसचा फोन वाजला. किशन स्वतः बोलत होता. डॉक्टरांनी ऑपरेशन आजच घ्यायचं ठरवलंय, साडेबाराला आत नेणार, त्याआधी तिला पाठवा. पुढंही तो बरंच काही बोलला, सावकाश, मधे मधे थांबत. मी फोन खांद्यात धरून हो हो म्हणत होते, कारण समोर कुरिअरवाला साड्यांच्या नमुन्यांसाठी घाई करत होता. फोन ठेवला आणि ग्रुपवर टाकलं: ‘नागुबाई यांनी तातडीने दवाखान्यात जावे.’ निरोप पोचल्याच्या दोन खुणा उमटल्या. झालं माझं काम.

ऑफिसपासून शेडाचं दार वीस पावलांवर आहे. त्या दारात, तम्मण्णाच्या मांडीला लागून, पेटीतले फोन एकदम वाजले. त्यानं ऐकले. त्याचा उजवा कान चांगला आहे. पण पेटी उघडायची त्याला मनाई होती, आणि उघडली असती तरी वाचता कुठं येत होतं? त्याला वाटलं, विजेचं असंल काहीतरी. आत तीस पावलांवर नागुबाई दोन तास साडी विणत होती.

भोंग्यानंतर तिनं फोन घेतला. दवाखाना हा शब्द बघितला आणि ती अनवाणीच पळाली. काय झालं ते तम्मण्णाला तिच्या तोंडाकडं बघूनच कळलं. त्यानं रस्त्यात आडवं जाऊन रिक्षा थांबवली, तिच्याबरोबर गेला. पोचले तेव्हा किशनला आत नेऊन पाऊण तास झाला होता. चार वाजता डॉक्टर बाहेर आले, किशन आला नाही.

दुसऱ्या दिवशी तम्मण्णा स्टुलावर बसला होता. मी जवळ गेले. म्हणाला, ‘‘मला हाक मारायचीस की गं, पूर्णिमा. नियम मोडलास म्हणून मी काय मालकांना सांगणार हुतो?’’ मला माझी लाज वाटली, अजून वाटते. ओमकारलाही वाईट वाटलं, नाही असं नाही. त्यानं काय केलं ठाऊक आहे? ‘तातडीचे निरोप’ नावाचा दुसरा ग्रुप काढायला सांगितला! मी म्हटलं, नाही काढणार, काय करायचं ते करा. तेव्हा कुठं तम्मण्णाला परत शेडात सोडलं. पण आता कुणाला काही सांगून झालं तरी तो तिथंच उभा राहतो. ‘‘कळलं न्हवं? खरंच कळलं न्हवं?’’ असं दोनदोनदा विचारतो. लोक वैतागतात.

तेरावं उरकून नागुबाई कामावर आली. आधी तम्मण्णाकडं गेली, किशनचे शब्द त्याच्याकडं असतील म्हणून. तो म्हणाला, ‘‘माझ्याकडं न्हाईत गं बाई. पूर्णिमानं फोन घेतलता.’’ मग ती माझ्या टेबलापाशी आली. तम्मण्णा दारात थांबला.

‘‘पूर्णिमा, त्यो काय म्हणालता?’’

‘‘लगेच पाठवा म्हणाला.’’

‘‘ते वाचलं मी. आनि काय म्हणालता?’’

मी आठवायला लागले. कुरिअरवाल्याचा शर्ट आठवला, नमुन्यांची निळी साडी आठवली. किशनचं एक अक्षर आठवेना. ती तशीच उभी होती. तिचं ते तोंड मला बघवेना, म्हणून मी खोटं बोलले.

‘‘म्हणाला, आक्काला सांगा, काळजी करू नको, मी बरा होऊन येतो.’’



‘‘आक्का?’’ नागुबाई म्हणाली. ‘‘त्यो मला जन्मात कधी आक्का म्हणाला न्हाय. आये म्हणायचा.’’

आणि ती मागावर गेली.