नारळी पौर्णिमेचं पाणी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही, आणि तिला तर मी दाढ ठणकली तरी सांगतो. तुम्हाला का सांगतो आहे — ते विचारू नका.

मी संशयी माणूस आहे. देवळात हात जोडले तरी एक डोळा बाहेरच्या चपलांवर असतो. कॉलेजात या स्वभावाला मी शास्त्रीय दृष्टी म्हणायचो.

मालवणात शेवटच्या वर्षाला आम्ही तिघं जिवाणू तयार करत होतो — प्रसाद, नफिसा आणि मी. त्यांच्या जनुकांत असा बदल करायचा, की पाण्यात तांबं जास्त असलं तर ते गुलाबी व्हावेत. बंदराचं पाणी किती बिघडलंय ते कुणालाही नुसत्या डोळ्यांनी दिसावं, हा बेत. तो घेऊन बंगलोरच्या स्पर्धेला जायचं होतं. खरं तर ते जिवाणू नफिसाचेच. आम्ही दोघं हरकामे. तिचे वडील विजयदुर्गला मासळीचा व्यापार करायचे. ती एकदा सहज म्हणाली होती, "बंदराचा नाव नको घालूया रे. लोक मासे घेवचे नाय." मी ते वाक्य मनात जपून ठेवलं. का ठेवलं असेल?

तुलनेसाठी लांब समुद्रातलं स्वच्छ पाणी लागायचं. ते आणणं माझ्याकडे. बाटली काठीला बांधून बोटीपासून दूर बुडवायची, हे आमच्या लॅबच्या सरांनी दहादा बजावलेलं. नारळी पौर्णिमेला काकांची बोट पावसाळी बंदीनंतर पहिल्यांदा पाण्यात उतरली, तिच्यातून मी गेलो. नारळ सोडायच्या गडबडीत काठी किनाऱ्यावरच राहिली. मग मी कडेवरून ओणवा झालो आणि हातानेच बाटली भरली. परतल्यावर काका हसले. "हात बघ तुझो. बोटीचो रंग अजून सुकाक नाय, थंय हात कित्याक लावलंस?" मी हात रॉकेलने पुसला आणि विसरलो.

तिसऱ्या दिवशी ते स्वच्छ पाणी बंदराच्या पाण्याहून गुलाबी झालं. म्हणजे आमची चाचणीच खोटी ठरली. आणि मला — लगेच, अगदी लगेच — नफिसाचं ते वाक्य आठवलं. चाचणी फसली तर फायदा कोणाचा? संध्याकाळी लॅबमध्ये मागे कोण थांबतं? मी सरांना सांगितलं, तिने पाण्यात काहीतरी घातलं असावं. सरांनी पुरावा मागितला नाही. तिच्याकडची किल्ली काढून घेतली.

किल्ली प्रसादकडेही होती. त्याच्या मामाच्या तर दोन बोटी. मग त्याचा संशय का नाही आला? सांगायलाच बसलोय तर सांगतो — तिचं नाव नफिसा होतं म्हणून ते सोपं गेलं. सरांच्या गळी उतरायलाही सोपं जाईल, हे मला माहीत होतं.

ती रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, की पाणी पुन्हा आणून बघूया.

रविवारी मी बोटीवर गेलो. रंगाचा रिकामा डबा तिथेच पडला होता. बोटीच्या तळाला कालवं चिकटू नयेत म्हणून लावतात तो रंग. डब्यावर काय काय आहे ते वाचलं. तांबं. काखेत कळसा म्हणतात तो हाच. तरी खात्री करायला रंगाचा एक टवका पाण्यात टाकून त्यात ते जिवाणू सोडले. सकाळी गुलाबी. ते मी बेसिनमध्ये ओतलं आणि वर नळ सोडून ठेवला.

इथेच थांबलो असतो तर नुसता भित्रा ठरलो असतो. पण मी पुन्हा समुद्रात गेलो. या वेळी काठी घेऊन. नियमाप्रमाणे पाणी आणलं, चाचणी केली — जिवाणू पांढरे ते पांढरेच. ते मी सरांच्या टेबलावर ठेवलं. सर म्हणाले, "बघ, ती नाही तर सगळं बरोबर येतंय." तिच्यावरचा आळ मीच असा पक्का केला, बरोबर पाणी आणून.

बंगलोरला प्रसाद आणि मी गेलो. सरांचं शिफारसपत्र मला मिळालं, त्यावर पुढची पुण्याची लॅब मिळाली. तिला पत्र मिळालं नाही. ती आता विजयदुर्गला शिकवण्या घेते. मला लाज वाटते. पण लाज तेव्हाही वाटत होती, आणि त्या लाजेने मला काहीच करायला लावलं नाही.

गेल्या मे महिन्यात मालवणच्या जेटीवर ती भेटली. मुलाला बोटी दाखवत होती. इकडचं तिकडचं बोलणं झालं, आणि मग म्हणाली, "तुका मागीर कधी समाजला काय रे, त्या पाण्यात तांबा खंयसून इला?"

"नाय," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी वाट बघत होतो, आता ही ओळखणार. तिच्या जागी मी असतो तर ओळखलं असतं.

"जाव दे रे," ती म्हणाली. "बाटलीच वायट आसतली. तू मनाक लावून घेव नको."

मी मान हलवली.