जुन्या गिऱ्हाइकाचं नाव जाईना

पाहुणे बेगमपेट विमानतळावर उतरले होते, आणि आमच्या सगळ्या मशिन्स त्यांच्या हाडवैऱ्याचं स्वागत करत बसल्या होत्या.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कुकटपल्लीला आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस. मी टायपिस्ट म्हणून शिरले आणि मॅन्युअल वाचत, मशिनी बिघडवत सिस्टिम ॲडमिन झाले. पाहुणे होते परदेशी पंपवाले, म्हणजे पंप बनवणाऱ्या कंपनीचे लोक. त्यांच्याआधी आम्ही दुसऱ्या एका पंपवाल्यांचं काम केलेलं. लॉगिन स्क्रीनवर, म्हणजे नाव-पासवर्ड विचारणाऱ्या त्या पहिल्या चौकटीत, अजून त्या जुन्या पंपवाल्यांच्याच नावाचं 'वेलकम' झळकत होतं. हे नवं काम हुकलं तर ऑफिसला कुलूप, असं आमच्या रेड्डीसाहेबांनी सकाळच्या चहाबरोबरच ऐकवलं होतं.

माझ्या जोडीच्या खाजाने नाव बदललं. मशीन रीस्टार्ट केलं. पुन्हा जुनंच!

"क्या खाजा, कैकू नहीं जारा ये?" साहेब घामाघूम.

"साब, फाइल में नया नाम हैच. माँ कसम!"

"तो मॉनिटर बंद करो सब. बोलेंगे, करंट गया."

"और ये पंखा?" मी वर बोट दाखवलं. "आप फूँक के चला रहे बोलूँ?"

साहेब पंख्याकडे बघत घाम पुसू लागले.

आता हे प्रकरण काय, ते सांगते. ती चौकट दिसण्याआधी एक शेल स्क्रिप्ट चालते. मशिनने काय काय करायचं ते ओळीने लिहून ठेवलेलं असतं, ती स्क्रिप्ट. आमच्या सगळ्या मशिनींची स्क्रिप्ट एकाच सामायिक फोल्डरमधल्या सगळ्या फाइली नावाच्या क्रमाने वाचायची. एकीत रंग, एकीत चित्र, एकीत स्वागताचं वाक्य. एकच गोष्ट दोन फाइलींत आली, तर नंतर वाचलेली खरी. आमच्या सासरी बैठक बसली की सासूबाई सगळ्यांत शेवटी बोलायच्या आणि तेच ठरायचं. अगदी तसंच.

मी स्क्रिप्टमध्ये एक ओळ घातली: जी फाइल वाचशील तिचं नाव सांग. मशिनने सांगितलं. आधी 'वेलकम' वाचली. लगेच मागून 'वेलकम डॉट ओल्ड'.

"खाजा, ये ओल्ड किसका?"

"मेरा, आपा. बदलने से पहले कॉपी रखा. सेफ्टी के वास्ते!"

"वहींच?"

"बाजू में रखा, तो मिलता बोलके."

मिळाली खरी, पण मशिनला. मी ती ओल्ड उडवली. साहेब मागून किंचाळले, "अरे, उड़ाने से पहले एक कॉपी तो रखते!" मी सगळ्या मशिनी रीस्टार्ट केल्या, सगळीकडे नवं नाव आलं. साहेब बाहेर पाहुण्यांची गाडी बघायला गेले.

पाहुणे आत आले. त्यांच्यातला मोठा स्क्रीनपुढे थांबला, स्वतःच्या कंपनीचं नाव वाचून हसला आणि त्याने चक्क फोटो काढला. काम मिळालं. साहेबांनी सगळ्यांना सांगितलं, "मेरे भाषण से मिला."

बॅकअप जरूर घ्या, पण दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवा. नावाला 'ओल्ड' चिकटवलं की घरी बसवायचं, ही रीत माणसांची. मशिनला ती कुणी शिकवलेली नसते.