मदनसेठच्या मागच्या दोन खोल्या

"फाइल नाई म्हणजे नाई, मॅडम. आता काय वावरात पेरून उगवू?"

गावंडेबाबूंनी माझ्यादेखत कपाटाचं दार लावून घेतलं. बुधवारची दुपार होती. शुक्रवारी ढोले सरांची रजिस्ट्री होती, आणि ते जे घर विकत घेत होते, त्याचीच बांधकाम-परवानगीची फाइल नगरपरिषदेच्या रेकॉर्ड रूममधून गायब होती.

मी परवानाधारक इंजिनिअर. वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी लोकांच्या घरांचे नकाशे काढून ते मंजूर करून घेण्यात माझी नोकरीची म्हणावी अशी सगळी वर्षं गेली. ही गोष्ट २००३ ची. ढोले सर शाळेतून रिटायर व्हायला आले होते. अख्खा जन्म भाड्याच्या घरात काढला आणि समोरचं मदनसेठचं घर नेमकं तेव्हाच विकायला निघालं. सरांच्या बायकोचा, आमच्या काकूंचा, जीव त्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत अडकला होता. तिथं त्या शिवणक्लास काढणार होत्या. सहा मुलींनी नावंसुद्धा दिली होती.

"तू एकडाव पाहून घेजो बाई," काकू मला म्हणाल्या होत्या. "यायले काय, कोनीबी काईबी सांगते, हे हो म्हणते."

म्हणून मी टेप घेऊन गेले. मंजूर नकाशात घरामागं दहा फूट मोकळी जागा होती. कागदोपत्री हिला सामासिक अंतर म्हणतात, बोलताना सगळे मार्जिन म्हणतात. हवा-उजेड यावा, आग लागली तर माणूस मागून निघावा, यासाठी ती सोडायची. माझी टेप कुंपणाच्या भिंतीला टेकली, तरी मार्जिन काही लागेना. दोन्ही खोल्या त्या मार्जिनवरच बांधलेल्या!

"वो मॅटर तो कब का खतम झाला," मदनसेठ हसून म्हणाले. "सब रेग्युलर करून घेतलं."

"कागद दाखवा."

"कागद ऑफिसात."

आणि ऑफिसात गावंडेबाबू.

बेकायदा बांधकामाची नोटीस माणसाला चिकटत नाही, बांधकामाला चिकटते. घर विकलं की नवा मालक त्या नोटिशीसकट घर घेतो. त्यात नवे मुख्याधिकारी आले होते आणि त्यांचा जेसीबी आठवड्यातून दोनदा गावात फिरत होता. नोटीस निघाली होती की नाही, हे शुक्रवारच्या आत कळायलाच हवं होतं.

फाइल हरवते. कधीकधी तिला पाय फुटतात. पण जावक रजिस्टर सहसा कुणी हरवत नाही, कारण त्यात काय आहे हे कुणाला आठवतच नाही. ऑफिसातून बाहेर गेलेल्या प्रत्येक कागदाची त्यात तारखेनं एक ओळ असते.

"बाबू, जावक रजिस्टर काढा."

"कोन्त्या सालचं? वीस सालांचे पडून हायेत."

साल मला कुठं ठाऊक! मोपेडला किक मारली आणि थेट काकूंकडं गेले.

"त्या खोल्या कधी बांधल्या, आठवतं का?"

"नाई आठवत तं काय! स्लॅब टाकला त्याच्या दुसऱ्या दिशी आमच्या मंग्याचा दहावीचा गणिताचा पेपर होता. दिवसभर मिक्सरची घरघर. पोराले अभ्यास करू देल्ला नाई मेल्यानं!"

काकूंनी ट्रंकेतून मंग्याची मार्कशीट काढली. मार्च १९९४. गणितात छत्तीस. त्या छत्तिसाचा राग काकूंच्या मनात अजून ताजा होता, आणि मी तर आनंदानं त्यांना मिठीच मारली.

चार वाजता पुन्हा ऑफिसात. चौऱ्याण्णवचं रजिस्टर मांडीवर घेतलं. मार्चमध्ये काही नाही. एप्रिलभर पाणीपट्टी, पाणीपट्टी, मेलेली म्हैस उचलणेबाबत, पुन्हा पाणीपट्टी. बोट काळं झालं. आणि एप्रिलच्या शेवटच्या पानावर मदनसेठचं नाव! विनापरवाना बांधकाम, मागील दोन खोल्या, पाडून टाकणेबाबत नोटीस.

"सापडलं!" मी इतक्या जोरात ओरडले की टॅक्सच्या खिडकीवरची रांग वळून बघायला लागली. लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही.

आता बाबूंनाही चेव आला. "थांबा मॅडम. नोटीस हाय तं तामील बी असन!"

तामील म्हणजे नोटीस हातात पोचवणं. मालकानं घेतली नाही, तर शिपाई ती दारावर चिकटवतो आणि दोन शेजाऱ्यांना पंच करून तसा पंचनामा लिहितो. हे कागद फाइलमध्ये न लावता वेगळे गठ्ठ्यात बांधून ठेवायची तिथली पद्धत होती. दुपारी दार लावून घेणारे बाबू आता स्वतः स्टुलावर चढले. धुळीनं दोघांनाही शिंका येत होत्या. आठव्या गठ्ठ्यात पंचनामा निघाला. खाली दोन पंच. एकाचा अंगठा. दुसऱ्याची सही सुवाच्य, शिरोरेघ पट्टीनं ओढल्यासारखी.

ल. म. ढोले, सहायक शिक्षक.

"हे तं आपले सर व्हय!" बाबू म्हणाले.

गुरुवारी नक्कल घेऊन सरांकडं गेले. सरांनी चष्मा लावला, कागद पाहिला आणि त्यांचा चेहराच उतरला.

"सही माझीच आहे. शिपाई म्हणाला, सर, पंच पायजे. मी शाळेत निघून राह्यलो होतो. सायकलच्या सीटवर कागद ठेवला अन् केली."

"वाचलं नाही?"

"पंचाचा कागद कोणी वाचते का? त्याले वाटलं असतं, सरांचा आपल्यावर भरोसा नाई."

"पोरायले जनमभर सांगतलं," काकू कडाडल्या, "आधी प्रश्न नीट वाचा, मंग उत्तर लिहा!" आणि डोळ्याला पदर लावून आत गेल्या. मला फार वाईट वाटलं. त्यांचा क्लास मीच मोडला होता.

शुक्रवारी रजिस्ट्री ऑफिसच्या व्हरांड्यात मी मदनसेठना नक्कल दाखवली.

"अशी नोटीस मले भेटलीच नाई," सेठ म्हणाले. "कोण म्हणते चिकटवली?"

तोवर गप्प उभे असलेले ढोले सर पुढं आले. "मी म्हणतो. पंच मीच आहे."

सेठनी नोटिशीचा वाद तिथंच सोडला. न वाचता केलेली सही नऊ वर्षांनी अशी कामाला आली! सरांना ते घर हवंच होतं, सौदा मोडायचा नव्हता. सेठनी दोन्ही खोल्या स्वतःच्या खर्चानं पाडल्या, मार्जिन मोकळं केलं आणि दिवाळीनंतर रजिस्ट्री झाली. काकूंचा शिवणक्लास नव्या घराच्या पुढच्या बैठकीत सुरू झाला. सरांना पाहुण्यांशी ओट्यावर बसून बोलावं लागे, ती त्यांची शिक्षा.

खोल्या पाडल्याचाही पंचनामा झाला होता. शिपाई सवयीनं सरांकडंच आला. सरांनी कागद पहिल्या ओळीपासून वाचला. मग माझी टेप मागितली, स्वतः दहा फूट मोजले, आणि मगच सही केली.

"सर, भरोसा नाई का?" शिपाई कळवळून म्हणाला.

"तुझ्यावर आहे. माझ्यावर नाई."

त्या गल्लीत आता पंच हवा असला की शिपाई ढोले सरांचं घर टाळतो. फार वेळ लागतो, म्हणतो.