पाच मिनिटांत चाळीस देव

दत्तरावांचं बूड काही बाकावर टेकेना. परभणीच्या त्या सभागृहाच्या व्हरांड्यात सकाळपासून गोंधळी, आराधी, हलगीवाले नंबर लावून बसले होते. दत्तरावांच्या धनगरी ओवीच्या पथकाचा नंबर अकरावा, आणि आत आठवा चालू होता.

"मामंजी, बसा की जरा. भोवळ यील अशानं," सून विजयमाला म्हणाली. लोकमहोत्सवाच्या निवडीचा फॉर्म तिनंच मोबाईलवर भरला होता. 'सादरीकरण पाच मिनिटे' असं तिनं वाचून दाखवलं तेव्हा म्हातारा खदखदा हसला होता. पाच मिनिटांत घोंगडं तरी अंथरून होतं का?

पण हसून भागणार नव्हतं. ढोल वाजवणारा भाचा आदिनाथ यानं तोंडावर सांगितलं होतं, "मामा, जत्रेत डीजे लागला की लोक आपल्यातून उठून जायलेत. ह्या साली निवड झाली तर ठीक, न्हाई तर मी ढोल ठेवून देनार." आणि आदिनाथ गेला की पथक गेलं. मागून झील धरणारे दोघंही म्हातारे; ढोलाशिवाय ते कुठले यायला!

म्हणून दहा दिवस विजयमालानं मोबाईलवर वेळ लावून सासऱ्याकडून सराव करून घेतला. ओवीत गोष्टीआधी देवांना नमन असतं, गावोगावच्या चाळीस देवांना. मेंढरं कातरावीत तसे तिनं देव कातरले. उरले चार. मग बिरोबाच्या जन्माची गोष्ट कशीबशी बसली.

आणि आता ऐन वेळी दत्तरावांच्या ध्यानात आलं, की पहिलाच देव राहिला. ज्या जागेवर उभं राहून गायचं, त्या जागेच्या देवाचं नाव आधी घ्यावं लागतं. त्याला वगळून तोंड उघडायचं नसतं. गावाकडं हे कुणाला विचारावं लागत नाही. इथं कुणाला विचारायचं?

त्यांनी दारावरच्या वॉचमनला गाठलं. "इथला कोन्ता हो?"

"कोणते साहेब पाहिजेत?"

"साहेब न्हाई, देव."

"मामा, हा हॉल हाय. इथं एसी हाय, देव न्हाई."

दत्तराव फाटकाबाहेर गेले. रिक्षावाल्यानं खांदे उडवले. चहाच्या गाड्यावरची सरजाबाई मात्र गाळणी झटकत म्हणाली, "हाय की! त्या सायकल स्टँडच्या मागं म्हसोबा हाय. पत्रे मारले अन् झाकून गेला बिचारा. कोन इचारतंय त्याला?"

पत्र्याच्या फटीतून अंग चोरत दत्तराव आत शिरले. शेंदूर उडालेला, हातभर उंचीचा दगड. त्यांनी डोकं टेकवलं, तोवर विजयमाला पदर खोचून धावत आली. "चला, चला! दहा नंबरवाले आलेच न्हाईत. आपल्याला पुकारलं!"

धापा टाकत ते मंचावर चढले. समोर तीन परीक्षक, टेबलावर घंटी. आदिनाथनं ढोलावर थाप दिली आणि दत्तरावांनी म्हसोबाचं नाव घेतलं. झिलकऱ्यांनी उचललं. पण पत्र्याआडच्या या म्हसोबाला मान दिल्यावर वेशीवरच्या मारुतीला कसं टाळायचं? चारठाण्याच्या महादेवाला काय तोंड दाखवायचं? कातरलेले देव एकेक करून परत आले. आदिनाथ डोळे वटारत होता, विजयमाला खालून पाच बोटं नाचवत होती. पण दत्तरावांचे डोळे मिटलेले. चाळिसावं नाव घेऊन ते म्हणाले, "आता ऐका गोष्ट—" आणि घंटी वाजली.

"आवाज छान आहे, आजोबा," मधल्या बाई म्हणाल्या. "पण गोष्ट कुठंय?"

"आता लागंल की. बसा तुमी."

परीक्षक हसले. पुढचा नंबर पुकारला गेला.

बाहेर आल्यावर आदिनाथ ढोल पोत्यात घालू लागला. दत्तरावांनी त्याचा हात धरला. "जाता यायचं न्हाई. चाळीस देव बोलवून ठिवलेत. गोष्ट ऐकवल्याबिगर त्यांना परत लावायचं का?"

आदिनाथ शिव्या गिळत बसला. बोलावलेल्या देवांना गोष्टीविना परत पाठवत नाहीत, एवढं त्यालाही लहानपणापासून ठाऊक होतं. सायकल स्टँडमागं म्हसोबासमोर घोंगडं पसरलं गेलं. गोष्ट लागली. हातातलं काम टाकून सरजाबाई आली, मग नंबर संपलेले हलगीवाले आले.

चार वाजता आत यादी वाचली गेली. विजयमाला बाहेर आली आणि गर्दीच्या कडेला थांबली. आदिनाथनं वाजवता वाजवताच भुवई उडवून विचारलं. तिनं मान हलवली. नाही.

ढोल क्षणभर थांबला.

"का रं?" दत्तराव म्हणाले.

"काई न्हाई, मामा. आजची गोष्ट पुरी करतो. उद्यापासून दुसरा कोनी बघा."

दत्तरावांनी एकदा सुनेकडं पाहिलं. बिरोबाचा जन्म झाला होता, पाळणाही हलला होता. आणखी दहा-वीस ओव्यांत गोष्ट संपणार होती. त्यांनी घसा खाकरला आणि वारुळातून पहिली मेंढरं कशी निघाली, त्या आडकथेला हात घातला. ती नीट सांगायची तर अंधार पडेपर्यंत पुरते. झिलकऱ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. आदिनाथनं दात-ओठ खात ढोल मांडीवर ओढला आणि वाजवू लागला.