बार्जच्या तळाचं बूच

परवा आमच्या बोटदुरुस्तीच्या यार्डात दुरुस्त झालेली एक बार्ज, म्हणजे सपाट तळाची मालवाहू बोट, पाण्यात सोडायची होती. मांडवी नदीला भरती आली होती, पूजा झाली होती, फोरमन गुरुदासभाऊंनी नारळही हातात घेतला होता... आणि नेमकं तेव्हाच मला तळाचं बूच आठवलं.

दुरुस्तीआधी आतलं पाणी काढायला बार्जच्या तळाचं बूच उघडतात. आमच्याकडे रीत अशी, की ज्याने ते काढलं त्यानेच परत बसवायचं. या वेळी ते मी काढलं होतं. आदल्या संध्याकाळी हाताने फिरवून बसवलं, हे पक्कं आठवत होतं. पण पाना लावून आवळलं का... आठवेना.

मी शिरगावची. घरात शाळेत गेलेली पहिलीच. गृहपाठ बघायला कोणी नव्हतं, म्हणून मीच सगळं दोन-दोनदा तपासायचे. ती सवय अजून सुटलेली नाही... कुलूप ओढून बघायला अर्ध्या वाटेवरून परत येते, घरचे वैतागतात.

पण इथे बार्जच्या मालकाची माणसं जमलेली. भरती माझ्यासाठी थांबणार नव्हती. त्यात आमच्या मशिनरी खात्यात मी एकटीच मुलगी... उगाच थांबवलं तर सगळ्यांच्या लक्षात राहणार. आणि नाही थांबवलं तर? आत पाणी भरलं तर?

शेवटी गुरुदासभाऊंना सांगितलं. त्यांनी नारळ खाली ठेवला आणि टॉर्च माझ्या हातात दिला. मी पाना घेऊन तळाखाली सरपटत गेले. मागून एक खलाशी म्हणाला, "ह्या पोरीन देवाकय थांबवल्यान."

बूच घट्ट होतं. पाना तसूभरही फिरला नाही.

चिखलाने माखून बाहेर आले, मान खाली घालून सांगितलं. हसले काही जण. पण त्या बार्जवरच्या खलाशांचे म्होरके, म्हणजे तांडेल, चोपडे गावचे एक वयस्कर गृहस्थ, पुढे आले. म्हणाले, "बाय, ह्या बार्जीर रातचे आमी निजतंव. मनात इला आनि तू गप रवलंस नाय, ता बरा केलंस."

नारळ फुटला, बार्ज पाण्यात उतरली. थोड्या वेळाने तांडेल आत तळाशी जाऊन आले आणि वरूनच मला हाताचा पंजा दाखवला... कोरडा.

माझ्या या भीतीवर आजवर सगळ्यांनी उपायच सुचवले होते. तिच्या भरवशावर झोपणारं माणूस मात्र पहिल्यांदाच भेटलं.