पेंढाकाकांचं अस्वल

संग्रहालयात त्यांना पेंढाकाका म्हणत. तोंडावर नुसतं काका, पाठीमागे पेंढाकाका. मेलेल्या प्राण्यांत पस्तीस वर्षं पेंढा भरणाऱ्या माणसाला याहून वाईट नाव पडू शकलं असतं, असं ते स्वतःच म्हणायचे. त्यांचं काम तळघरात चालायचं. तिथल्या एकुलत्या एक खिडकीतून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसत, आणि काका नुसत्या चपलांवरून सांगत की तिकीट खिडकीवरच्या बाई आल्या, किंवा आज साहेबांचं बिनसलंय. नजर इतकी बारीक. हरणाच्या कातड्याची शिवण कुठे लपवायची, मानेतल्या तारेला किती बाक द्यायचा, काचेच्या डोळ्यामागे किती मेण भरायचं, या बाबतीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. एकच गोष्ट ते कुणाला सांगत नसत. ज्या रानटी प्राण्यांत त्यांनी जन्मभर पेंढा भरला, त्यातला एकही त्यांनी रानात हिंडताना पाहिला नव्हता.

निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. बायको जाऊन तीन. मुलगी लांबच्या शहरात, आपल्या संसारात. दर रविवारी तिचा फोन यायचा आणि काका तिला आठवडाभराचं सगळं सांगायचे. ते दोन मिनिटांत संपायचं.

अशात संग्रहालयाच्या नव्या संचालकबाईंनी निरोप पाठवला. दालनातल्या अस्वलाचा जबडा निखळला होता. शाळेच्या सहलीतल्या पोरांनी त्याच्या तोंडात हात घालून घालून ही वेळ आणली होती.

"काका, होत असेल तर जसं होतं तसं करून द्या," बाई म्हणाल्या. "नाहीतर त्याला गोदामात टाकावं लागेल. एकोणीस दिवसांनी दालन पुन्हा उघडतंय. मोडकं जनावर मी दारासमोर ठेवणार नाही."

बाईंचं काही चुकलं नव्हतं. पण गोदामात काय होतं हे काकांना पक्कं ठाऊक होतं. कसर लागते. आधी कान जातात, मग बाकीचं.

आणि हे अस्वल त्यांचं पहिलं मोठं काम होतं. कातडं आणि कवटी एका खोक्यातून आली होती. तेव्हाच्या साहेबांनी बजावलं होतं, "चिडलेलं पाहिजे. बघणारा एक पाऊल मागे सरला पाहिजे." काकांनी उभ्या जन्मात अस्वल पाहिलेलं नव्हतं. मग त्यांनी आपल्या परीने मार्ग काढला. विचकलेले दात शेजाऱ्यांच्या कुत्र्यावरून घेतले. त्यासाठी त्या गरीब कुत्र्याला चार दिवस छळलं. उभं राहण्याची ढब स्वतःवरून घेतली. तळघरात आरसा लावून, दोन्ही हात वर करून, बोटं वाकडी करून ते उभे राहायचे आणि मग मापं घ्यायचे. एकदा घरी विसरलेला डबा घेऊन बायको आली, तेव्हा ते तसेच उभे होते. ती दारातच पायरीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

अस्वल पुरं झालं, जिभेला व्हार्निश लागलं, तेव्हा ती पुन्हा आली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हे चिडलंय की घाबरलंय हो?"

"चिडलंय. साहेबांनी चिडलेलं सांगितलंय."

"असं होय," ती म्हणाली आणि रिकामा डबा उचलून निघून गेली.

आता इतक्या वर्षांनी काकांनी जबडा उघडला, तर आतल्या प्लास्टरचा भुगा झालेला. सगळं तोंड नव्याने घडवावं लागणार होतं. त्यांनी माती मळली, ओठांची पहिली वळी लावली, आणि हात थांबला. चिडलंय की घाबरलंय? तेव्हा झटक्यात दिलेलं उत्तर आता काही केल्या तोंडातून निघेना. आणि विचारणारी घरात नव्हती. दोन दिवस मातीवर ओलं फडकं टाकून ते नुसते बसून राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी राष्ट्रीय उद्यानातल्या जीपच्या तीन फेऱ्यांचं तिकीट काढलं.

"बाबा, एकटे कशाला जाताय?" मुलगी फोनवर म्हणाली. "सुट्टीत आपण सगळेच जाऊ की."

"तोवर मातीला तडे जातील."

"कसली माती?" तिने विचारलं, पण तेवढ्यात तिला तिकडून कुणीतरी हाक मारली आणि ते राहूनच गेलं.

बस सात तासांची होती. काका सवयीप्रमाणे कडेच्या जागेवर बसले. खिडकी बायकोची असायची, तिला गाडी लागायची म्हणून. दोन तास झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की खिडकीची जागा रिकामीच आहे आणि आपण उगाच येणाऱ्याजाणाऱ्याचे धक्के खातोय. तरी ते सरकले नाहीत. तिथे त्यांनी पिशवी ठेवली.

विश्रामगृहाच्या व्यवस्थापकाने वहीत बघून विचारलं, "एकच माणूस?" आणि काकांच्या मागे पाहिलं, जणू दुसरं माणूस सामान उतरवत असावं. खोलीत दोन खाटा होत्या, दोन उशा, तांब्याशेजारी पालथे घातलेले दोन पेले. काकांनी एक पेला सुलटा केला. दुसऱ्या खाटेवर आपले कपडे नीट घडी करून ठेवले, म्हणजे ती अगदीच मोकळी दिसू नये.

जीपमध्ये एक कुटुंब होतं. कोपरापर्यंत लांब कॅमेरा घेतलेले गृहस्थ, त्यांची बायको, सासूबाई आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी. पुढे चालकाच्या शेजारी गाईडबाई, टोपी डोळ्यांवर ओढलेली. सगळ्यांना बिबट्या हवा होता. कॅमेरेवाल्यांनी तर असा सूर लावला होता की बिबट्याचे पैसे आगाऊ भरलेत.

पहिल्या फेरीत हरणं दिसली. जिवंत हरीण काका पहिल्यांदाच बघत होते, पण त्यांची खोड कुठली जायला? प्रत्येक हरणाच्या पोटाखाली ते शिवण शोधत होते. एका हरणाने कान हलवला, तेव्हा ते दचकलेच. कानाला इतक्या बाजू असतात हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांनी जन्मभर सगळे कान पुढे ठेवले होते.

"बघितलंस का, कान वेगवेगळे फिरतात," ते डावीकडे वळून म्हणाले. डावीकडे सासूबाई होत्या.

"हो का," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी आपली पिशवी जरा जवळ ओढली. काका ओशाळले आणि फेरी संपेपर्यंत उजवीकडेच बघत राहिले.

दुसऱ्या फेरीत तेवढंही नाही. नुसती धूळ. मोर नाही की साधा ससा नाही. परतताना मुलीने विचारलं, "आजोबा, तुम्हाला पण बिबट्याच बघायचाय?"

"नाही गं. मला अस्वल."

"आधी पाहिलंय कधी?" गाईडबाईंनी पुढून विचारलं.

"एक आहे माझ्याकडे," काका म्हणाले. मग त्यांना सगळं नीट समजावून सांगावं लागलं, आणि समजल्यावर सासूबाईंनी पिशवी आणखी जवळ घेतली. गाईडबाई मात्र मागे वळून त्यांच्याकडे बघत राहिल्या.

त्या रात्री काकांचं जेवणात लक्ष नव्हतं. आता एकच फेरी उरली होती. ती फुकट गेली तर घरी जाऊन पुन्हा शेजाऱ्यांच्या कुत्र्याचेच दात बसवायचे, नाहीतर गोदाम.

तिसऱ्या फेरीला, सकाळी ऊन वर आल्यावर, गाईडबाईंनी चालकाच्या खांद्याला हात लावला. जीप थांबली. उतारावरच्या वारुळाशी काहीतरी काळं हलत होतं. मातीची ढेकळं मागे उडत होती. अस्वल वारूळ उकरत होतं, डोकं आत, पाठ आपल्याकडे, घरकामात गढलेल्या माणसासारखं. काका अर्धे उठले आणि पुढचा लोखंडी दांडा त्यांनी घट्ट धरला.

मग वारा फिरला. अस्वल थांबलं. वळलं. आणि मागच्या दोन पायांवर उभं राहिलं.

"अंगावर येतंय," कॅमेरेवाले कुजबुजले. "गाडी मागे घ्या, मागे घ्या."

"काही येत नाही," गाईडबाई शांतपणे म्हणाल्या. "त्याला लांबचं धड दिसत नाही. कुणीतरी आलंय एवढं कळलंय, कोण ते कळत नाहीये. म्हणून उभं राहून बघतंय."

काका बघत राहिले. पुढचे पाय वर उगारलेले नव्हते. ते दोन्ही बाजूंना सैल लोंबत होते, काम टाकून उठलेल्या बाईच्या ओल्या हातांसारखे. तोंड मिटलेलं होतं. हनुवटी जरा वर, मान पुढे, नाक तेवढं इकडेतिकडे हलत होतं. एकदा ते टाचा उचलून आणखी उंच झालं. त्यात राग नव्हता. भीती होती म्हणावं तर तीही फारशी नव्हती. मग ते खाली टेकलं आणि झाडीत निघून गेलं.

काका खाली बसले. त्यांना हे उभं राहणं ओळखीचं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत कठड्याला टेकून, हनुवटी वर करून, टाचा उचलून त्यांची बायको अशीच उभी असायची. तळघरातल्या कामात काकांना हटकून उशीर व्हायचा. कोपऱ्यावरून वळलं की ती दिसायची, आणि दिसली की काका मनात म्हणायचे, झालं, चिडलीय. जिना चढता चढता ते आपलाही चेहरा ताठ करायचे. दार उघडल्याबरोबर, तिने काही विचारायच्या आत, म्हणायचे, "काम होतं." ती आत जाऊन पानं घ्यायची. किती वर्षं हे असंच चाललं.

आणि तिला लांबचं दिसत नव्हतं. चष्म्याचा नंबर काढायला काकाच तिच्यासोबत गेले होते. चष्मा घरकामात अडचण करतो म्हणून ती तो फडताळात ठेवायची, हेही त्यांना माहीत होतं. सगळं माहीत होतं. कोपऱ्यावरून येणारा माणूस तिला ओळखू येत नव्हता. येणारा आपलाच आहे का, एवढंच ती बघत होती. खालून एकदा हात हलवला असता तरी पुरलं असतं. काकांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"आजोबा, घाबरलात?" मुलीने विचारलं.

"नाही गं," ते म्हणाले आणि त्यांनी तोंड रस्त्याकडे फिरवलं. सासूबाईंनी पिशवीतली पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली.

तळघरात परतल्यावर काकांनी कुणाला विचारलं नाही. ओठ मिटवले. दोन्ही हातांतल्या तारा कापल्या, खांदे उतरवले, काखेत नवी शिवण घातली. टाचांखाली लाकडाची एकेक पातळ चकती सारली. हात उतरवल्यावर छातीवर जुन्या घडीची एक रेघ राहिली, ती काही गेली नाही. अकरा दिवस लागले.

संचालकबाई बघायला आल्या, तेव्हा आधी त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "काका, दात कुठे गेले?"

"आहेत की. तोंडात आहेत."

"पोरं दात बघायला येतात."

"बघितले त्यांनी इतकी वर्षं. हात घालूनही बघितले."

बाई अस्वलाला एक फेरी मारून पुन्हा समोर आल्या. काकांनी खिशातलं फडकं मुठीत आवळून धरलं होतं. मग बाई म्हणाल्या, "हे वाट बघतंय का कुणाची?"

काकांनी मान हलवली.

"राहू दे असंच," बाई म्हणाल्या. "पण पाटी बदलावी लागेल. तिच्यावर हल्ल्याच्या तयारीतलं असं लिहिलंय. काय लिहू?"

"नुसतं अस्वल लिहा."

दालन उघडायच्या दिवशी काका लवकर गेले. शिपायाने दार उघडून दिलं आणि तो दिवे लावायला मागे गेला. समोर, लांब, अर्धवट उजेडात ते उभं होतं. हनुवटी वर, हात सैल, टाचा उचललेल्या. काका उंबऱ्यातच थांबले. त्यांनी उजवा हात वर केला आणि हलवला.

"मीच आहे गं," ते म्हणाले. "उशीर झाला."