पुसायचं का, नक्की?

फोनमधली जागा भरली म्हणून आज जुन्या फाइली निवडल्या. "कायमचं पुसायचं का, नक्की?" असं स्क्रीनवर आलं आणि न वाचताच माझं बोट 'हो'कडे वळलं. तेवढ्यात बाबांचं बालाघाटचं ऑफिस आठवलं.

बाबांची सगळी नोकरी टाइपरायटरवर गेली. निवृत्तीला वर्ष उरलं असताना टेबलावर कॉम्प्युटर आला आणि मी शिकवायला गेले. त्यावर टाइप केलेलं एक पत्र पुसताना कॉम्प्युटरनं हाच प्रश्न विचारला. "हो दाबा," मी म्हटलं. बाबांनी माउसवरचा हातच काढून घेतला.

"त्यानं इचारलं नं? मंग वाचूनच सांगा लागते."

चष्मा पुसून त्यांनी पत्राची तिन्ही पानं पुन्हा वाचली. मी वैतागून टेबलावर बोटं वाजवत राहिले. शेवटी ते स्क्रीनकडे पाहून "हौ" म्हणाले आणि मग बटण दाबलं.

असे स्क्रीन तयार करणं हेच आता माझं काम आहे. हा प्रश्न कुणी वाचत नाही, हे आम्ही धरूनच चालतो.

मी बोट मागे घेतलं आणि यादी वरपासून वाचायला लागले. सातव्या ओळीत बाबांचा व्हॉइस मेसेज होता. ते गेल्यापासून मी तो ऐकलाच नव्हता. आता लावला.

"काहून वो, फोन नाही केला?"